पांदणीचं माप

वाशिम जिल्ह्यात मुद्दाम फिरायला गेलेलं माणूस मी तरी पाहिलेलं नाही. मीही फिरायला गेले नव्हते. मी एक एक्सेल घेऊन गेले आणि आठवड्यानं तोच एक्सेल घेऊन परत आले. तेव्हापासून दुकानात येणारा प्रत्येक जण त्या धुडाकडं बघून विचारतो, "ताई, एवढं वजन नेलं कशाला आणि परत आणलं कशाला?" प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसायला माझ्याकडं वेळ नाही, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

कोल्हापुरात माझं जुन्या जीपच्या सुट्या भागांचं दुकान आहे. वडिलांच्या मागं मीच ते चालवते. डोंगरात जीप उडवणारी हौशी पोरं येतात, ऊसवाले येतात, आणि बरीच गिऱ्हाइकं नुसती फोनवर असतात. त्यातलेच एक प्रल्हादभाऊ. वाशिमकडच्या किन्हीराजा गावाच्या पुढं आत एका वस्तीवर त्यांची सोयाबीन आणि तुरीची शेती आहे, आणि चारही चाकं ओढणारी एक जुनी जीप आहे. सहा वर्षं आमची ओळख फक्त आवाजाची.

त्यांचा फोन ठरलेल्या वाक्यानं सुरू व्हायचा. "ताई, आस तुटला."

बैलगाडीचा असतो तो आस. आम्ही दुकानात एक्सेल म्हणतो. मागच्या दोन चाकांच्या मधे एक जाड नळी असते, तिच्यात दोन सळ्या. एक डाव्या चाकाला फिरवते, एक उजव्या. गाडी चिखलात रुतली की सगळा जोर त्या सळ्यांवर येतो. एका पावसाळ्यात भाऊंची सळी दोनदा तुटली. दोन्ही मी पाठवलेल्या होत्या, दोन्ही चांगल्या मालातल्या. दुसऱ्यांदा फोन आला तेव्हा मी जरा चिडूनच म्हणाले, "भाऊ, तुम्ही गाडी चालवता की कुस्ती खेळता?"

मग ते म्हणाले, "सुमन होती जी गाडीत. वाशिमवून येऊन राह्यलो होतो. तिचं मंगळवारी अन् शुक्रवारी रक्त साफ कराले न्या लागते. पांदणीतून दुसरी गाडी येतच नाही."

पांदण म्हणजे आमच्याकडची पाणंद, शेतांमधली गाडीवाट. सुमन म्हणजे त्यांची बायको. दोन्ही मूत्रपिंडं गेलेली. सहा वर्षांत हे एकदाही सांगितलं नव्हतं माणसानं. आणि मी विकलेली सळी तिला घेऊन चिखलात बसली होती. मला रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी उठले आणि ठरवलं, आता सळी नाही, अख्खा मागचा एक्सेलच बदलायचा. मोठ्या पिकअपचा, दीडपट जाड, हत्ती बसला तरी न मोडणारा. आणि तो मी स्वतः उभी राहून बसवणार.

शनिवार, रविवार. रिसोड

एक्सेल ओळखीच्या ट्रकनं आला, मी एसटीनं. रिसोडच्या स्टँडवर उतरले तेव्हा समोरच उंच, वाळकुडा, पांढरा सदरा घातलेला माणूस उभा होता. दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि दुसरीकडं तोंड केलं. मग मी फोन लावला आणि त्याच माणसाच्या खिशात वाजला.

"ताई? तुमी?" भाऊ म्हणाले. "आवाजावून मले वाटलं, लय थोराड बाई असंन."

"आणि मला वाटलं होतं, तुम्हाला मिशा असतील," मी म्हणाले. तिथून पुढं आमचं बरं जमलं.

रिसोड हे धान्याच्या व्यापाराचं गाव. सोयाबीन यायला अजून अवकाश होता, त्यामुळं बाजार पेंगत होता. बसायला सांगण्याआधी पाण्याचा ग्लास हातात देतात ही रीत मला आवडली. पोह्यांवर मात्र लाल तर्री ओततात, आणि ती तिखट. आम्ही कोल्हापूरकर तिखटाचा फार तोरा मिरवतो. मी पहिल्याच घासाला डोळे पुसले आणि हॉटेलवाल्यानं न विचारता शेव वाढली.

दिगंबर मिस्त्रीचं वर्कशॉप बाजाराच्या मागं. पत्र्याची शेड, एक लेथ, एक लिंबाचं झाड. मोडकी जीप आधीच ओढून आणलेली होती. मिस्त्री पन्नाशीचा, हळू बोलणारा. त्याचा बाप सुतार होता, बंड्या बनवायचा. बैलगाडीला तिकडं बंडी म्हणतात. मिस्त्री एक्सेलभोवती दोन फेऱ्या मारून आला आणि म्हणाला, "माल जबर हाय."

मी सगळं तपासून आणलं होतं. पुढच्या आणि मागच्या गिअरच्या दात्यांचा हिशोब जुळत होता, कमानपाट्यांच्या बैठका मी कोल्हापुरातच सरकवून घेतल्या होत्या, ब्रेकचे पाइपसुद्धा बरोबर होते. मी हे सगळं मिस्त्रीला ऐकवलं. ऐकवलं म्हणजे सुनावलंच. परक्या गावात बाई म्हणून पाना हातात घेतला की मी जरा जास्तच बोलते, ही माझी जुनी खोड आहे.

रविवारी दुपारी एक्सेल कमानपाट्यांना बांधणारे यू-बोल्ट आवळायच्या आधी तो थांबला. "ताई, पांदणीचं माप घेतलं काय जी?"

"कशाचं?"

"प्रल्हादभाऊच्या पांदणीचं."

"मिस्त्री, गाडीचं माप मी मिलिमीटरमधे घेतलंय. रस्ता मोजायला मी काय तलाठी आहे?"

भाऊ हसले. मिस्त्री हसला नाही. "तुमी म्हंता तं बसवतो," म्हणाला आणि जीपखाली सरकला. संध्याकाळी जीप चाकांवर उभी राहिली तेव्हा मागची चाकं दोन्ही बाजूंना अर्धी अर्धी वीत बाहेर आली होती. पैलवानानं छाती काढावी तशी ती जीप दिसत होती, आणि मी तिचे चार फोटो काढले.

सोमवार. पांदण

किन्हीराजापर्यंत डांबरी रस्ता आहे. तिथून पुढं वस्तीपर्यंत जायला पांदण. दोन्हीकडं शेतं, बाभळी आणि निरगुडी, आणि मधून पूर्वापार बैलगाड्यांची वाट, वाटेत एक नाला. आमच्याकडची माती तांबडी. पाऊस पडतो, निचरा होतो, तासाभरात चालता येतं. तिथली काळी. ओली झाली की चप्पल मागते आणि दिलीत तर परत देत नाही.

पण चार दिवस उघडीप होती आणि पांदण बरीच वाळलेली होती. मी बघितलं तर चाकांच्या दोन ओळींत दगड आणि मुरूम नीट दाबून भरलेला. मधे आणि कडेला नुसती माती. "हे कोणी केलं?" मी विचारलं.

"आमीच," भाऊ म्हणाले. "पेरणीच्या आंधी एकेक घर एकेक बंडी दगड आणून चाकोरीत टाकते. सगळ्या पांदणीत टाकाले एवढा दगड कुठून आणा? चाकं जातीन तेवढंच भरतो. सुमनचं सुरू झाल्यापासून मात्र दोन दोन बंड्या टाकतात. मी कोणाले म्हटलं नाही. आपल्या मनानंच."

वस्तीत चौदा घरं. दिवाळीनंतर त्यातली निम्मी माणसं कामाला बाहेर जातात. त्या चौदा घरांनी तीन किलोमीटर दोन ओळी हातानं भरल्या होत्या. आमच्या गल्लीत गटारावरची एक फरशी बसवायची तर तीन बैठका होतात आणि चौथ्या बैठकीत भांडण. मी हे भाऊंना सांगितलं. ते म्हणाले, "भांडनं आमच्यातबी होतात, पण दगड टाकून झाल्यावर."

जीप थोडी डुलत होती, एका अंगाला कलायची आणि सावरायची. कमानपाटे नुकतेच आवळलेत, बसतील, असं मी म्हणाले. माझ्या डोळ्यांसमोर सगळं होतं, आणि मी शहाणी कमानपाट्यांवर व्याख्यान देत होते.

सुमनवहिनी दारातच बसल्या होत्या. बारीक चणीच्या, माझ्याच वयाच्या. डाव्या हाताची शीर दोरासारखी फुगलेली, तिथंच सुया टोचतात. त्यांनी मला तांब्याभर पाणी दिलं, ते संपल्यावर परत भरून दिलं. त्यांच्या स्वतःच्या शेजारी एक लहान स्टीलचा गडू होता. सकाळी भरायचा, आणि तो दिवसभराचा. त्याच्यावर एक थेंब नाही. औषधही त्यातच.

"मी आता मोजूनच पितो," त्या म्हणाल्या. तिकडं बायकाही स्वतःबद्दल 'पितो', 'जातो' म्हणतात, ऐकायला फार रुबाबदार वाटतं. "पयले वावरात काम करतानी घागर तोंडाले लावो."

जेवायला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, वांग्याची भाजी आणि ठेचा. मीठ कमी होतं, सगळ्या घरासाठीच कमी. भाऊंना विचारलं तर म्हणाले, सवय झाली. वहिनी मात्र लगेच म्हणाल्या, "सवय कायची? शेजारी जाऊन लोणचं खाऊन येतात. मले वास येते."

मंगळवार

पहाटे पाऊस झाला. फार नाही, तासभर. पण काळ्या मातीला तेवढा पुरतो.

सात वाजता निघालो. दहापर्यंत वाशिमला पोचलं की वहिनींना मशीन मिळतं. भाऊ चालवत होते, मी शेजारी, वहिनी मागच्या बाकावर उशीला टेकून. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. मग मागचा भाग डावीकडं घसरला आणि बसला. भाऊंनी वेग वाढवला, मागची चाकं गरगर फिरली, जीप आणखी खाली गेली.

मी उतरले आणि घोट्यापर्यंत रुतले. वाकून बघितलं. पुढची चाकं दगडावर होती, अगदी ओळीत. मागची दोन्ही चाकं दगडाच्या कडेवरून घसरून मऊ मातीत गेली होती, कारण ती दोन्ही बाजूंना अर्धी अर्धी वीत बाहेर होती. चौदा घरांनी बंडीच्या मापानं भरलेल्या वाटेवर माझा हत्ती मावत नव्हता.

एवढंही कळायला मला चिखलात उभं राहावं लागलं. दिगंबर मिस्त्रीला हे रविवारीच दिसलं होतं.

"पुढचं टाका," मी भाऊंना ओरडून सांगितलं. म्हणजे पुढच्या चाकांनाही जोर द्यायचा लिव्हर. पुढची चाकं दगडावर होती, ती ओढून काढतील. भाऊंनी लिव्हरकडं बघितलं, मग आरशात मागं बघितलं आणि हात तसाच राहिला. मला वाटलं घाबरले. मी आत वाकले आणि लिव्हर मीच ओढला. "आता सोडा क्लच."

जीप एकदम धडधडायला लागली. स्टिअरिंग भाऊंच्या हातात नाचायला लागलं, पत्रे वाजायला लागले, आणि मागून वहिनींचा आवाज आला. शब्द नव्हता तो. त्यांनी डावा हात छातीशी धरला होता आणि डोळे घट्ट मिटले होते. भाऊंनी इंजिन बंद केलं.

"हे असं नेहमी होतं?" मी विचारलं.

वहिनीच बोलल्या. "पुढचं टाकलं का असंच वाजते. सकाळी सोसते मले. येतानी नाही सोसत, अंगातलं सारं गेलेलं असते. नाला आला का मी आंधीच हा बाकाजवळचा दांडा पकडून बसतो. म्हून येतानी हे पुढचं टाकतच नाहीत."

"मंग मांगचा आस तुटते," भाऊ खाली बघून म्हणाले. "तुटो. लोखंडच हाय."

दोन्ही फोन संध्याकाळी आले होते. दोन्ही वेळा 'वाशिमवून येताना'. मी ते ऐकलं होतं आणि पुढचा प्रश्न विचारला नव्हता. माझ्याकडं मागच्या एक्सेलची मागणी आली की मी मागचा एक्सेल देते, हाच माझा धंदा. माणूस बायकोला हादरा बसू नये म्हणून सगळा भार मागच्या दोन चाकांवर घेत होता, आणि मी त्याला कुस्ती खेळता का म्हणून विचारलं होतं. मला त्या चिखलात स्वतःची फार लाज वाटली.

पण लाज वाटून घ्यायलाही वेळ नव्हता. शेजारच्या शेतातून एकानं बंडी आणली. कडबा पसरला, त्यावर गादी. वहिनींना बसवलं आणि भाऊ बैलांच्या पुढं चालायला लागले; मी जीपपाशी थांबले. बंडीची चाकं दगडांच्या ओळीतून सरळ गेली, एकदाही घसरली नाहीत. पांदण संपायला दीड तास आणि पुढं काळीपिवळी टॅक्सी. मशीनची त्यांची वेळ गेली होती. दुपारच्या पाळीत एक माणूस आला नाही म्हणून वहिनींना घेतलं, असा भाऊंचा फोन मला तीन वाजता आला. तोपर्यंत मी पाण्याचा घोटही घेतला नव्हता. घ्यावासा वाटला नाही.

बुधवार, गुरुवार. पुन्हा रिसोड

दोन बैलजोड्या लावून जीप काढली आणि मी एकटीनं ती रिसोडला नेली. दिगंबर मिस्त्री लेथवर होता. चिखलानं भरलेली चाकं त्यानं बघितली आणि मला खुर्ची दिली.

"बोला की," मी म्हणाले. "तुम्ही विचारलं होतं. मी ऐकलं नाही."

"काय बोलू जी. तुमी एवढ्या दुरून वझं घेऊन आल्या. नाही म्हनाले जीव झाला नाही."

"मग पुढच्या वेळी जीव करा."

"हाव," तो म्हणाला आणि चहा सांगितला.

चहा पिताना मी विचारलं, हाच एक्सेल कापून अरुंद करता येईल का. करता आला असता. नळी कापायची, मधला तुकडा काढायचा, परत जोडायची, सळ्या लेथवर लहान करायच्या. डोंगरात खेळायला जाणाऱ्या पोरांना मी हेच सुचवते. मिस्त्री म्हणाला, करून देतो, पण जोड तो जोड. मी खूप वेळ त्या धुडाकडं बघत बसले. मला तो ठेवायचा होता, खरं सांगते. मी निवडलेला, मी आणलेला. पण मागच्या बाकावर कोण बसणार हे आता मला माहीत होतं, आणि तिच्याखाली मला वेल्डिंगचा जोड नको होता.

म्हणून जुनी नळीच परत चढवली, दोन नव्या सळ्या घालून. मग पुढची बाजू खोलली. पुढच्या चाकांकडं जोर नेणाऱ्या शाफ्टला एक क्रॉस असतो, मुठीत मावेल एवढा. तो इतका झिजला होता की हातानं हलवला तर टकटक वाजत होता. सगळी धडधड त्याचीच. माझ्या दुकानात असले क्रॉस खोकंभर पडलेले असतात. भाऊंनी तो कधी मागितला नाही, कारण जुनी गाडी पुढचं टाकलं की वाजणारच, अशी त्यांची समजूत होती. रिसोडच्या बाजारात तो दहा मिनिटांत मिळाला.

मिस्त्रीनं जुना क्रॉस माझ्या हातात ठेवला. "हा ठेवा तुमाजवळ." मी पर्समधे टाकला. गुरुवारी संध्याकाळी जीप घेऊन पांदणीतून गेले, पुढचं टाकून. चारही चाकं दगडावर होती. तरी वहिनींना काही सांगितलं नाही. उगाच आशा लावून परत तोंडावर पडायची माझी तयारी नव्हती.

शुक्रवार

जाताना पाऊस नव्हता. दहाच्या आत वाशिम. चार तास वहिनी आत होत्या आणि आम्ही दोघं बाहेर बाकावर. भाऊंनी पिशवीतून भाकर काढली, मी लोणच्याची पुडी काढली. त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि खाल्लं.

बाहेर आल्या तेव्हा वहिनींना दोघांनी धरावं लागलं. पिवळ्या पडलेल्या, ओठ कोरडे. मागच्या बाकावर मी त्यांच्याजवळ बसले. वाटेतलं मालेगाव मागं पडेपर्यंत आभाळ भरून आलं आणि किन्हीराजाला पोचलो तेव्हा सडकून पाऊस सुरू होता.

पांदणीच्या तोंडाशी भाऊंनी गाडी थांबवली. मी मागून म्हणाले, "टाका पुढचं."

त्यांनी आरशात बघितलं. वहिनींचं डोकं माझ्या खांद्यावर होतं, उजवा हात मात्र सवयीनं लोखंडी दांड्यावर. भाऊ म्हणाले, "ताई, पाहा बरं."

"माझ्यावर सोडा. नाहीतर मी उतरून ढकलते."

त्यांनी लिव्हर टाकला. जीप हलली. मी कान देऊन ऐकत होते, पहिला टक कधी येतो म्हणून. आला नाही. पाणी दोन्ही ओळींतून वाहत होतं, दगड दिसत नव्हते, पण चाकांना ते लागत होते. एका वळणावर गाडी किंचित थबकली, पुढच्या चाकांनी ओढ घेतली आणि निघाली. मग नाला. भाऊंनी पहिला गिअर टाकला. जीप खाली उतरली, पाणी कापलं, वर चढली. स्टिअरिंग त्यांच्या हातात गप्प होतं.

वस्तीचा पहिला दिवा दिसला तेव्हा माझ्या लक्षात आलं की दांड्यावरचा हात केव्हाच सुटून त्यांच्या मांडीवर पडला आहे. त्या झोपल्या होत्या.

दारात गाडी थांबल्यावर इंजिन बंद झालं, त्या शांततेनं त्या जाग्या झाल्या. डोळे न उघडताच त्यांचा हात दांडा शोधायला लागला.

"नाला आला का?" त्यांनी विचारलं.

भाऊ स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून तसेच बसले होते. मागं वळले नाहीत.

"मांगं गेला," ते म्हणाले. "घर आलं."